अक्कांची पिशवी

फुफ्फुसाच्या कर्करोगावर पेमेट्रेक्सेड सुरू होण्यास आठवडा उरला असता सांगलीच्या अक्कांनी औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी केली. भाच्याने मायेने पाठविलेल्या क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या त्या महिनाभर घेत होत्या. त्याचे मन दुखावू नये म्हणून कोणाशी बोलल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबविल्या. मात्र फॉलिक ॲसिडची रोजची गोळी लिहून दिली आणि ब-१२ चे इंजेक्शन त्याच दिवशी दिले.

"एक जीवनसत्त्व वर्ज्य, दुसरे सक्तीचे, असे कसे?" अक्कांनी विचारले.

"अक्का, हे औषध पेशींतील फोलेटचे कार्य अडवते. त्यात अस्थिमज्जा आणि तोंडाचे नाजूक अस्तरही होरपळते. ही दोन जीवनसत्त्वे आधीपासून दिली, तर ती हानी कमी होते, हे चाचण्यांत दिसले आहे. क आणि ई यांना तसा भक्कम आधार नाही. मोठ्या मात्रेत ती रोगट पेशींनाही वाचवतील, ही भीती आहे."

त्या दिवसापासून अक्का सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर ती एकच गोळी घेऊ लागल्या. औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतरही २१ दिवस त्यांनी ती चुकविली नाही.

भाच्याला त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "बाळा, तुझी माया पोहोचली. गोळ्या मात्र आता डॉक्टरांना विचारूनच."

आप्तांची माया रुग्णाला बळ देते. पण त्या मायेची पिशवी डॉक्टरांपुढे उघडण्यात संकोच नसावा.