माहूर आणि माहेर

मराठवाड्यातल्या माणसाला डोंगर चढायला सबळ कारण लागतं. तिकडं महाबळेश्वरला कड्याच्या टोकाला 'पॉइंट' म्हणतात आणि लोक तिथं उभं राहून 'काय देखावा आहे!' असं म्हणत चणे खातात. आमच्या नांदेडात कुणी 'नुसता देखावा बघायला डोंगर चढलो' म्हणालं, तर घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतील. डोंगरावर देव असला, की मग हरकत नाही. नांदेडपासून सुमारे १२५ किलोमीटरवर माहूरला तर तीन शिखरं आहेत, रेणुकेचं, दत्ताचं आणि अनसूयेचं. चढा हवं ते!

रेणुकेचं ठाणं साडेतीन शक्तिपीठांतलं पूर्ण पीठ. पायऱ्या दोन-अडीचशे. उतरणारा प्रत्येकजण चढणाऱ्याला 'हे काय, आलंच की!' असं सांगतो. पहिल्या पायरीवरही आलेलंच असतं आणि शंभराव्या पायरीवरही.

आमची आजी मात्र कुणाला विचारत नसे. घरात उंबरा ओलांडताना 'आई गं' म्हणणारी ही बाई माहूरच्या पायऱ्या तरातरा चढायची. मागून आजोबा, दर वीस पायऱ्यांवर चष्मा पुसायला थांबत. चष्मा इतका कशानं मळतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दर्शन झालं, कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात पडला, की आजी कठड्याशी जायची. खाली माहूर गाव, शेजारच्या डोंगरावर किल्ल्याची तटबंदी आणि लांब पैनगंगेची रेघ. नदीपलीकडं यवतमाळ जिल्हा. त्यात पुसद, तिचं माहेर.

"तो झाडांचा पुंजका दिसून राह्यला नं? त्याच्या मागंच." पन्नास वर्षं नांदेडात काढूनही तिची वऱ्हाडी उतरली नव्हती.

तिचं लग्न झालं तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात आणि पुसद इंग्रजांच्या. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली. भाऊबिजेची ओवाळणीसुद्धा मोडून घ्यावी लागे. पुढं १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली दोन्ही काठ मुंबई राज्यात एकत्र आले. हाली-कलदारचा हिशेब मिटला. आजीचं माहेरी जाणं मात्र लग्न-मुंजीपुरतंच राहिलं. मग ती दरवर्षी माहूरला यायची. माहूर आणि माहेर, फरक एका अक्षराचा.

पंचाईत एवढीच, की पुंजका दरवर्षी निराळा असायचा. १९७८ साली तर तिनं चक्क किनवटच्या बाजूला बोट दाखवलं. मी तोंड उघडणार, तोच आजोबांनी माझा हात दाबला. हे आजोबा जन्मभर मास्तर. जेवताना समोरच्याचं व्याकरण सुधारणारा माणूस. पण त्या कठड्यावर ते वळूनही न बघता म्हणाले, "दिसलं, दिसलं."

आजी गेल्यावर त्यांनीच एकदा 'माहूरला नेतोस का' म्हणून विचारलं. वर जाईपर्यंत चष्मा बऱ्याचदा मळला. दर्शन झाल्यावर ते कठड्याशी आले, दोन्ही हात टेकून बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "त्यातला तो पुंजका कोणता रे?"

समोर पाच-सात पुंजके होते. त्यातला जरा हिरवागार बघून मी बोट दाखवलं.

"हं," आजोबा म्हणाले, "त्याच्या मागंच."