पायाची साक्ष

साखळी झिजली, अशी तक्रार घेऊन जवळजवळ कोणीच येत नाही. चढाला जोर दिला की पाय फुकट जातो, गिअर उडतो, खडखड वाढली, आणि सगळ्यात जास्त वेळा, नवी चेन टाकल्यापासून सायकल बिघडली, अशा तक्रारी येतात. या शेवटच्या तक्रारीतच सगळं निदान असतं. जुनी साखळी आणि तिच्याखालचे दाते बरोबरीने झिजलेले असतात. साखळी लांबते तसे दातेही तिच्या नव्या मापाला जुळवून घेतात, त्यामुळे दोन्ही खराब असूनही सायकल गुमान चालत राहते. नेमक्या मापाची नवी साखळी त्यांच्यावर चढवली की हा समझोता मोडतो आणि दोष येतो नव्या साखळीच्या माथी. म्हणून सायकल नीट चालते आहे, हा तिच्या तब्येतीचा पुरावा धरता येत नाही. विजेवरच्या माउंटन सायकलीच्या बाबतीत तर अजिबात नाही. साध्या सायकलीवर झीज, घाण, चुकीचा गिअर यांची पहिली खबर पायाला लागते. जोर जास्त लागतो, मांड्या भरून येतात. मोटर ती उणीव परस्पर भरून काढते आणि पायाची साक्ष संपते. तेव्हा अशा सायकलीचे भाग मोजून बदलावेत, लक्षणांची वाट पाहू नये. आणि वेळेवर मोजलं तर बहुतेकदा एकट्या साखळीवर भागतं, असं माझं ठाम मत आहे.

मोजायचं काय, ते सोपं आहे. हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या अभियंत्याने 1880 मध्ये मँचेस्टरमध्ये बुश-रोलर साखळीचं पेटंट घेतलं. पुढे सायकलींमध्ये एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, हे अंतर रूढ झालं आणि आजच्या बारा गिअरच्या अरुंद साखळीतही ते तसंच आहे. साखळीतल्या पोलादी पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. खिळा ज्या कडीत फिरतो ती कडी आणि खिळा एकमेकांना घासतात आणि सांध्यात मोकळीक येते. नव्या साखळीचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात. तेच दीड मिलिमीटरने जास्त भरले तर झीज अर्धा टक्का झाली. दर दुव्यामागे हे 0.06 मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाची जाडी होते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना कळत नाही. अकरा-बारा गिअरच्या सायकलीला अर्ध्या टक्क्यावर साखळी बदलावी, सात-आठ गिअरच्या जाड साखळीला पाऊण टक्क्यापर्यंत सवलत द्यावी. एक टक्का ओलांडला की मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा संचही, बहुधा हातचा गेलेला असतो. साखळी मोजायची पट्टी फार महाग नाही, आणि ती नसेल तर पोलादी फूटपट्टी चालते. फूटपट्टीने मोजताना साखळी ताणलेली हवी आणि खिळ्याच्या एकाच कडेपासून मोजायला हवं. स्वस्त पट्ट्या रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरतात आणि थोडं आधीच घाबरवतात, म्हणून शंका आली तर मी फूटपट्टीचंच ऐकतो.

मोटर कुठे बसवली आहे, हा निदानातला पहिला प्रश्न. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक विजेच्या सायकलींना, मग चौकट माउंटन सायकलीची का असेना, मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. नियमाने 250 वॉटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरला थांबणारी. ही मोटर चाक थेट फिरवते, साखळीवर तिचा भार येत नाही. खऱ्या डोंगरी सायकलींची मोटर मात्र दोन पायडलांच्या मधोमध असते आणि तिची सगळी ताकद साखळीतून जाते. हिशोब करून पाहावा. 34 दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे 69 मिलिमीटर. बॉशच्या डोंगरी सायकलींच्या मोटरीचा 85 न्यूटन-मीटर पीळ त्या त्रिज्येवर साखळीला सव्वाशे किलोच्या आसपास ओढ देतो. 80 किलोचा माणूस आडव्या क्रँकवर पूर्ण उभा राहिला तर त्याची ओढ 200 किलोच्या घरात जाते खरी, पण ती क्षणभराची. पायडल वर-खाली उभं झालं की ती जवळपास संपते. मोटर त्या ओढीत आपली भर घालते आणि चढ संपेपर्यंत घालत राहते. त्यातून मागे सगळ्यात लहान चकतीवर साखळी असली तर एवढा भार पाच-सहा दात्यांनाच वाटून घ्यावा लागतो.

हबमधल्या मोटरीचे मालक हे वाचून निश्चिंत होतील, पण त्यांचं दुखणं वेगळं आहे. मोटर सुरुवातीचा रेटा देते म्हणून गिअर बदलायची गरजच वाटत नाही. सायकल सदा सगळ्यात जड गिअरवर राहते, त्या एका लहान चकतीचे दाते आकड्यासारखे वळतात आणि बाकीच्या चकत्या जवळपास कोऱ्या राहतात. मोटर साखळीला हात लावत नसली तरी चालवणाऱ्याची सवय बिघडवते आणि झीज एका जागी गोळा करते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या झिजेला स्थानिक मदतही भरपूर मिळते. मुलूख पर्जन्यछायेचा. सुपे-मोरगावकडची जिरायत पट्टी, मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेच्या आणि कडबनवाडीच्या माळरानाकडच्या वाटा मुरमाच्या. वर्षातले बरेच महिने तिथे चाकाखालून कोरडी कच उडते. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात उलटा प्रकार. तिथे काळ्या रानाचा चिखल गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमध्ये गच्च बसतो आणि वाळला की खरवडून काढावा लागतो. गाळपाच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या आसपास साखर कारखान्यांच्या बॉयलरची काजळी उडते. ती तेलात मिसळली की साखळीवर चिकट थर धरते आणि त्या थरात कच रुतून बसते. आता तेल सढळ हाताने ओतायची आपल्याकडची सवय आठवा. बाहेरून चकचकणारी साखळी आतून पिठाच्या गिरणीसारखी काम करत असते. फरक इतकाच की दळली जाते ती स्वतःच. तेल रोलरवर थेंब-थेंब द्यावं आणि थोड्या वेळाने बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढावं, कारण ज्या सांध्यांना तेल हवं ते आत आहेत. आणि ट्रॅक्टर धुवायच्या प्रेशर पंपाखाली ही सायकल कधीही धरू नये. तो झोत सांध्यांतलं वंगण काढतो, फ्रीहबच्या बेअरिंगमध्ये पाणी भरतो, आणि मोटरीच्या सीलवर नको तो दाब टाकतो.

यावर जुनी माणसं एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. वडिलांची काळी सायकल एकाच साखळीवर वीस वर्षं चालली, तिला कोणी पट्टी लावली नव्हती. खरं आहे. पण त्या साखळीला मागे एकच जाड चकती होती, त्यामुळे ती कायम सरळ रेषेत पळायची. अनेकींवर पूर्ण झाकणाचा चेनकव्हर होता, धूळ आत जातच नव्हती. साखळी लांबली की मागचं चाक दोन पाने फिरवून मागे ओढलं जायचं आणि ढिलाई गायब व्हायची. आजच्या साखळीला बारा चकत्यांमधून तिरकं फिरायचं असतं, तिच्या पट्ट्या पातळ असतात, झाकण नसतं आणि वर मोटरीची ओढ असते. जुन्या साखळीचं आयुष्य तिच्या पोलादामुळे वाढलं, असं मला वाटत नाही. ते तिच्या मांडणीमुळे वाढलं.

दुसरा आक्षेप मोटरसायकलच्या गॅरेजमधून येतो, आणि या भागात सायकली दुरुस्त करणारे बरेच हात तिथेच तयार होतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मोटरसायकलला चेन किट एकदम टाकतात: साखळी आणि दोन्ही चक्रं. सायकलीला वेगळा न्याय का? कारण मोटरसायकलला पुढे एक आणि मागे एकच चक्र असतं, दोन्ही सतत कामात, म्हणून तिघांची झीज साधारण जोडीने होते. सायकलीच्या कॅसेटवर साखळी आळीपाळीने फिरते. साखळी एकटीच सतत राबते, चकत्या वाटून घेतात. साहजिकच साखळी सर्वांत आधी संपते. ती वेळेवर काढली तर एका कॅसेटवर दोन-तीन साखळ्या निघतात. उशीर केला तर पहिलीच साखळी कॅसेट घेऊन जाते. बारा गिअरची कॅसेट साखळीच्या कित्येक पट महाग असते, म्हणून किटची सवय इथे गिऱ्हाइकाच्या खिशाला भोवते. या तालुक्यांना मोजून दुरुस्ती करणं काही परकं नाही. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी ज्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात पुढे साखर कारखान्यांची यंत्रं, अजस्र गिअर आणि इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग घडली. गाळप थांबलं की कारखान्यातला फिटर ऊस वाहणाऱ्या साखळ्या उघडून खिळे तपासतो, कारण भर हंगामात त्या तुटल्या तर काय होतं ते त्याला माहीत असतं. तीच शिस्त अर्ध्या इंचाच्या साखळीला लावायची आहे.

तरीही लक्षण दिसल्यावर सायकल आलीच, तर अंदाजाने भाग बदलू नयेत. आधी झटका कधी बसतो ते मोजावं. 116 दुव्यांची साखळी 34 दात्यांच्या चेनव्हीलवर असेल तर साखळीचा एक फेरा पूर्ण व्हायला पायडलचे जवळपास साडेतीन फेरे लागतात. झटका त्या लयीत येत असेल तर एकच दुवा अडकतो आहे. सावकाश मागे पायडल फिरवून डिरेलरच्या चाकाजवळ पाहिलं की न वळणारा सांधा दिसतो. दर पायडल-फेऱ्याला झटका असेल तर संशय चेनव्हील, क्रँक किंवा पायडलवर. साखळी एक-दोनच चकत्यांवर उडत असेल तर त्या चकत्या झिजल्या. सगळ्याच चकत्यांवर आणि फक्त जोर दिल्यावर उडत असेल तर पुढचे दाते आणि साखळी एकत्र तपासावेत: चेनव्हीलच्या पुढच्या टोकाला साखळी बोटाने ओढली आणि अर्धा दाता उघडा पडला, तर एक तरी गेलं आहे, कोणतं ते फूटपट्टी सांगते. साखळी दात्यांवरून न उडता पायडल नुसतंच रिकामं फिरलं तर दोष दात्यांचा नसून फ्रीहबच्या खटक्यांचा असतो. आणि जोर न देताही साखळी चकत्यांमध्ये घुटमळत असेल, तर झिजेचा विचार करण्यापूर्वी डिरेलरचा हँगर वाकला आहे का आणि केबल धुळीने जाम झाली आहे का, ते बघावं. या दोन कारणांपायी चांगल्या कॅसेट फेकल्या जातात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. हबमध्ये मोटर, मागे सात गिअरचं आटे असलेलं साधं फ्रीव्हील, अशी कामाची सायकल असेल, कॉलेजला किंवा एमआयडीसीतल्या शिफ्टला जाणारी, तर सगळं एकदम झिजू देऊन साखळी आणि फ्रीव्हील बरोबरच बदलणं वाईट नाही. दोन्ही स्वस्त आहेत आणि मधल्या काळात एक-दोन साखळ्या वाचतात. पण मोकळ्या सांध्यांची साखळी ऐन रस्त्यावर उडू नये, एवढी काळजी तिथेही घ्यावी. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या बाजूने उभं राहून जोर देताना पाय फुकट गेला तर प्रश्न पैशाचा उरत नाही.

बदलताना नवी साखळी जुनीच्या शेजारी लटकवून तेवढीच कापू नये. जुनी लांबलेली असते, म्हणून दुवे मोजावेत. बसवल्यावर आधी मोटर बंद ठेवून प्रत्येक चकतीवर, ब्रेक अर्धवट दाबून, पायाने जोर द्यावा. मग मोटर सर्वांत वरच्या टप्प्यावर ठेवून तेच पुन्हा, बसूनच. एखादी चकती तेव्हाही उडाली तर ती चालता चालता बसेल, या आशेवर सायकल देऊ नये. त्याच वेळी पूर्ण कॅसेटची किंमतही लगेच सांगू नये. अनेक कॅसेटच्या मोठ्या चकत्या एकमेकींना रिबीट केलेल्या असल्या तरी लहान दोन-तीन सुट्या असतात, आणि काही मॉडेलच्या या सुट्या चकत्या वेगळ्या मिळतात. हव्या त्या दात्यांची चकती पुण्याहून मागवून येईपर्यंत ती चकती टाळून सायकल चालवायला सांगावं, हँडलवर त्या गिअरपाशी रंगाचा ठिपका द्यावा, आणि काढलेल्या साखळीची झीज टक्क्यांत बिलावर लिहून द्यावी.