जाजाचं घर

2008 साली लंडनमधल्या आमच्या मंडळीबरोबर मी युगांडाला गेले. मूळची मी नगरची. माझी पणजी दुष्काळात पोरकी झाली आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. मुक्तीला परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या विश्वासणाऱ्यांकडून देणग्या येत, हे आमच्या घरी कुणी विसरलेलं नाही. म्हणून चर्चमध्ये एका संस्थेचे प्रायोजकत्वाचे फॉर्म आले, तेव्हा राकाई जिल्ह्यातल्या एका मुलीचा खर्च मी लगेच उचलला.

राकाई व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला. युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण 1982 मध्ये तिथल्याच कासेन्सेरो या मच्छीमार वस्तीत आढळले. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळायला 2004 उजाडलं. तोवर गावंच्या गावं मधल्या पिढीविना उरली होती: म्हातारी माणसं आणि नातवंडं.

लाल मातीच्या रस्त्यावर गाडी थांबली, तशी मी खर्च उचललेली ती मुलगी पुढे आली आणि दोन्ही गुडघे टेकून बसली. बुगांडात, म्हणजे युगांडाच्या या भागात, मुली वडीलधाऱ्यांना अशाच भेटतात. मी तिला उठवून जवळ घेतलं. अंगात गणवेशच होता, सुट्टी असूनही. 1997 पासून तिथे प्राथमिक शाळेची फी माफ आहे, पण गणवेश, वह्या, दुपारचं जेवण घरच्यांनीच बघायचं. नेमकी तिथेच मुलं गळतात, आणि आमचे पैसे तिथेच लागत होते.

ती लाजून गप्पच होती. बोलली ती तिची जाजा, म्हणजे आजी. पहाटेपासून तिने मातोके शिजायला लावलं होतं. हिरवी केळी सोलायची, केळीच्याच पानांत घट्ट बांधायची, वाफेवर तासन्‌तास ठेवायची आणि पुडक्यावरूनच हातांनी दाबून मऊ करायची. वर शेंगदाण्याची दाट आमटी. जेवणं झाल्यावर ती मला मागच्या केळीच्या बागेत घेऊन गेली. झाडांमध्येच दोन कबरी होत्या, मुलाची आणि सुनेची. त्यांच्या कडेचं गवत नुकतंच काढलेलं दिसत होतं. नातवंडं पाच. माझ्या फॉर्मवर त्यातलं एकच होतं.

निघताना जाजाने पाय बांधलेली जिवंत कोंबडी माझ्या हातात दिली. मी संस्थेच्या कार्यकर्तीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “घ्या ताई. नाही म्हणालात तर तिला फार लागेल.” मी दोन्ही हातांनी घेतली. तिची धडधड तळव्यांना कळत होती. पाच मुलांच्या घरातली अंडी देणारी कोंबडी होती ती. पुढे आम्ही ती तिथल्या पाळकांच्या घरी दिली.

दुसऱ्या दिवशी एका अनाथालयात गेलो. लहानगी मुलं पहिल्याच मिनिटाला गळ्यात पडली, मांडीवर बसली, निघताना हात सोडेनात. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते प्रेम वाटलं. मला भीती वाटली. कुणाही अनोळखी माणसाला इतकं बिलगणारं मूल फार वेळा सोडून दिलेलं असतं, आणि तासाभराने आम्हीही त्याला सोडूनच जाणार होतो. त्यातल्या अनेकांचे नातलग हयात आहेत, काहींची तर आईसुद्धा, हे तिथल्याच लोकांनी सांगितलं. घरी खायला नाही म्हणून आणून ठेवलेली मुलं ती. मग तेच खाणं घरी का पोचू नये? माझ्या पणजीला परत जायला घरच उरलं नव्हतं. तिला मुक्तीने जगवलं. इथे घरं होती, चूल पेटवणारी माणसंही होती.

याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा समाचार घ्यायला सांगितलं आहे, दोघांचा एकाच वाक्यात. ते वचन मी रविवार शाळेपासून पाठ म्हणत आले, पण विधवा म्हणजे कोण हे मला जाजाच्या अंगणात दिसलं. इमारत बांधली की तिच्यावर पाटी लावता येते, फोटो काढता येतो. म्हणून मंडळ्यांना अनाथालयासाठी पैसे जमवणं सोपं जातं. म्हातारीच्या छपराचे पत्रे, बियाणं, धाकट्यांच्या वह्या यांसाठी मागावं लागतं, पुन्हा पुन्हा.

परतल्यावर मंडळीच्या सभेत मी तेच मागितलं. मुलीला लिहायच्या पत्रातही तेव्हापासून पहिला परिच्छेद जाजासाठी असायचा: गुडघा कसा आहे, पाऊस वेळेवर आला का, धाकटा शाळेत जायला लागला का. तिची उत्तरं नात लिहून पाठवायची.