जिल्ह्याचे नाव आणि नदीचा काठ

गावाचे महत्त्व ओसरते तेव्हा तेथील वास्तू लगेच पडत नाहीत. आधी त्यांच्याकडे जाण्याचे कारण संपते, मग त्यांविषयी सांगणारी माणसे विरळ होतात आणि पडझड त्यानंतर कधीतरी सुरू होते. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण या प्रदेशात कारभाराचा मान चक्रावती नदीकाठच्या कळंबकडून निर्गुडाकाठच्या वणीकडे आणि पुढे यवतमाळकडे सरकत गेला आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या खुणा मागे सोडत गेला.

अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याची विभागणी सरकारांत होत असे. 'सरकार' म्हणजे सुभा आणि परगणा यांच्यामधला, आजच्या जिल्ह्याशी साधारण जुळणारा विभाग. 'ऐन-ए-अकबरी'त नोंदलेल्या अशा सरकारांपैकी एकाला कळंबचे नाव होते. आज कळंब ओळखले जाते ते श्री चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते, आणि तेथील कुंडाचे पाणी ठरावीक वर्षांनी चढून मूर्तीच्या चरणांना लागते अशी भाविकांची श्रद्धा आहे. सरकारचे ठाणे लोकस्मृतीतून पुसले गेले आणि कुंड मात्र टिकले, कारण ठाण्याशी लोकांचा संबंध साऱ्यापुरता होता, तर कुंडाशी तो पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

वणीची कथा याहून वेगळी आहे. 1803 च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि तेव्हापासून ही नदी केवळ पाण्याचा प्रवाह न राहता निजामाचे वऱ्हाड आणि भोसल्यांचे नागपूर यांच्यामधली सीमा बनली. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आल्यावरही तिचे हे स्थान कायम राहिले. याच नदीच्या खोऱ्यात, निर्गुडा या लहान नदीच्या काठी वणी वसले आहे. इंग्रजी अमदानीत या भागाचा जो जिल्हा झाला, त्याचे मुख्यालय यवतमाळला असूनही त्याला नाव मिळाले ते वणीचे; पुढे 1905 मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची पुनर्रचना होऊन पुसदसारखे तालुके यात आले, तेव्हा वणीचे नाव जाऊन यवतमाळ हे नाव रूढ झाले. एका शासकीय आदेशाने गेलेली ही ओळख आज खुद्द जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र रंगनाथ स्वामींचे मंदिर आणि त्यांची जत्रा वणीने सोडलेली नाही. वर्धा आणि पैनगंगा यांचा संगम जेथे होतो, त्या वढा-जुगाद परिसरातही स्नानासाठी लोक जातातच. याउलट कोळशाच्या खाणी आणि राजूरच्या चुनाभट्ट्या यांनी वणीला जे नवे रूप दिले, त्यात जुने गाव आणि त्याची नदी यांना फारशी जागा उरली नाही. 29 ऑगस्ट 1880 रोजी येथेच लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांचा जन्म झाला, ही गोष्टही कोळशाच्या वणीत मागे पडते.

अण्यांचे नाव जिल्ह्यातील आणखी एका विस्मृत स्थळाशी, जंगल सत्याग्रहाच्या जागेशी, जोडलेले आहे. राखीव जंगल म्हणजे सरकारने ताब्यात घेऊन ज्यात परवान्याशिवाय गवत कापण्यास किंवा गुरे चारण्यास मनाई केली असे रान. या निर्बंधाची झळ थेट शेतकऱ्याच्या गोठ्याला बसत होती. त्यामुळे मीठ पिकवणारा समुद्र ज्यांच्यापासून शेकडो मैल दूर होता, अशा वऱ्हाडातील लोकांसाठी कायदेभंगाचे साधन गवत झाले. 10 जुलै 1930 रोजी पूस नदीकाठच्या पुसदजवळ अण्यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या लोहारा येथेही सत्याग्रह झाला. लोहाऱ्याचे हेमाडपंती शिवमंदिर, म्हणजे चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभारलेले मंदिर, भाविकांना ठाऊक असते. त्याच गावाचे सत्याग्रहातील स्थान मात्र बहुधा पुस्तकातच राहते.

यवतमाळच्या वाट्याला आलेली खूण लोखंडी रुळांची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे 113 किलोमीटरचा नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, मार्ग सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य लोहमार्गावर आणि तेथून मुंबईकडे नेणे हा त्याचा हेतू होता, मालकी खासगी ब्रिटिश कंपनीची होती आणि स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ती तशीच राहिली. मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाची जागा 1994 मध्ये डिझेल इंजिनाने घेतली. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' म्हणून आपलेसे केले खरे, परंतु गाडी थांबल्यावर त्या रुळांकडे जाण्याचे कारणही थांबले.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा की, या जिल्ह्यात जेथे स्नान, नवस, जत्रा किंवा बाजार यांनिमित्त लोक वर्षानुवर्षे येत राहिले ती स्थळे टिकली, आणि ज्यांचे महत्त्व कचेरी, कायदा वा कंपनी यांच्यावर अवलंबून होते ती विस्मरणात गेली. म्हणून केवळ संरक्षित स्मारकाचा फलक लावून भागत नाही, तेथे पुन्हा पुन्हा जाण्याचे निमित्त निर्माण करावे लागते. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा ते कळंब हा नवा ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, मार्ग सुरू झाल्याने निदान कळंबला जाणे तरी सोपे झाले आहे. जिल्ह्यातील शाळांनी वर्षातून एक सहल कळंबच्या कुंडाकडे, एक वणीच्या निर्गुडाकाठी आणि एक लोहाऱ्याच्या रानात काढली आणि तेथे उभे राहून हा इतिहास मुलांना सांगितला, तर त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.