हॅल आणि भट्टीवरचे मामा

शनिवारी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) परत पाहिला. डिस्कव्हरी यानाचा सगळा कारभार हॅल ९००० या कॉम्प्युटरच्या हातात. अँटेनाचा एक भाग बिघडणार, असं तो सांगतो. बोमन तो काढून आणतो, तपासतो, तर भाग ठणठणीत! तिथून विश्वास उडाला तो उडालाच. मग हॅलला बंद करायची चोरून कुजबुज, आणि तो पठ्ठ्या ओठ वाचतो!

इथे जालना एमआयडीसीत एका स्टील कारखान्यात भट्टीसाठी आमचं सॉफ्टवेअर बसवतोय. तापमान स्क्रीनवर दिसतं, तरी लोखंड ओतायचं का थांबायचं, हे सगळे मामांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. विचारलं तर मामा म्हणाले, “सर, हे चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?”

ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण आठवडाभर बघतोय, रस न्याहाळून झाला की मामा हळूच स्क्रीनकडेही एक नजर टाकतात.