पाठीला वारा

पाठ हा अवयव देवाने माणसाला दिला तो बहुधा दुसऱ्यांच्या सोयीसाठी. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती थोपटायची दुसऱ्याने, खाजवायची दुसऱ्याने, आणि आपण उठून गेल्यावर आपल्याविषयी जे काही बोलले जाते तेही तिच्यामागेच. मास्तराची पाठ तर सार्वजनिक मालमत्ता. मी फळ्याकडे वळलो की साठ-सत्तर जोडी डोळे तिच्यावर खिळतात. गेल्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता त्या डोळ्यांना तिथे रोज एक ओला नकाशा वाचायला मिळू लागला. मागल्या बाकावर त्यावरून मतभेदही होते. कुणी आफ्रिका म्हणे, कुणी दक्षिण अमेरिका.

या भूगोलाला कारण माझी सायकल. चाळिशी ओलांडल्यावर माझ्या मानेच्या मणक्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी हँडलवर वाकून बसायची मनाई केली. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या शहरात वाढलेल्या माणसाला हे म्हणजे चहा सोडा म्हणण्यासारखे. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी धावून आला. अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी शिकून तो इंजिनियर झाला (मराठीने नुकसान होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो). परदेशी जाताना त्याने आपली रेलून चालवायची सायकल माझ्या हवाली केली. हिच्यावर बसायचे म्हणजे आरामखुर्चीत पडायचे. पॅडल पुढे, पाय लांब केलेले, आणि मागे मोटारवाल्यांना दिसावा म्हणून काठीवर एक तांबडा झेंडा. मान सुखावली. गल्लीतली मंडळीही सुखावली. "मास्तर, उशी विसरलात!" हे मी पहिल्या आठवड्यात किमान दहा वेळा ऐकले.

"ही काय सायकल आहे?" असेही पुष्कळांनी विचारले. त्यांना माझे उत्तर असे की हा प्रश्न जुना आहे. १९३३ च्या जुलैत पॅरिसला फ्रांसिस फोर नावाचा सायकलपटू शार्ल मोशे याने बनवलेल्या अशाच सायकलीवर पहुडला आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. वाकलेल्या माणसापेक्षा पहुडलेल्या माणसाला वारा कमी अडवतो, एवढेच त्यातले रहस्य. पण पुढच्याच वर्षी, १९३४ साली, सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली की मोशेची सायकल तिच्यातून बाहेर पडली. आमच्या गल्लीचे मत त्या संघटनेशी तंतोतंत जुळते.

पण व्याख्येने घाम येत नाही. साध्या सायकलीवर जो काय छळ होतो तो टीचभर सीटवर, बैठकीचा. पाठ मोकळी असते, वाऱ्यावर असते. रेललेल्या सायकलीवर बैठकीचा भार पाठीने वाटून घेतलेला असतो आणि त्या बदल्यात पाठीचा वारा गेलेला असतो. माझी सीट म्हणजे फायबरग्लासची एक पन्हळ, तिच्यावर स्पंज, स्पंजावर रेक्झिन. पॅडल मारणाऱ्या माणसाच्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो आणि बाकीची उष्णता होऊन अंगातून बाहेर पडू पाहते. ती घालवायला घाम येतो. परंतु गंमत अशी की घाम येण्याने अंग निवत नाही, तो वाळण्याने निवते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम रेक्झिनवर ओघळला तर केवळ सदरा घेऊन जातो. माठ तांब्याचा केला तर पाणी गार होईल का? माझी पाठ तांब्याच्या माठात कोंडलेली होती.

उपाय पुष्कळ केले. टॉवेल घातला, तो पहिल्या चौकापर्यंत कोरडा राहिला. एका रिक्षावाल्याच्या सल्ल्याने लाकडी मण्यांचे आसन आणले. "सर, बारा तास बसतो मी यावर," तो म्हणाला. त्याचे खरे होते, मण्यांच्या मधून वारा फिरतो. पण त्याला पॅडल मारावे लागत नाही. मला प्रत्येक मणी स्वतंत्रपणे ओळखू येऊ लागला. मग माशांच्या टाकीतली गाळणी असते, त्या जाड भोकांच्या स्पंजाचा तुकडा घातला. तो सर्वांत बरा. आमच्या घरच्या स्पंजातून फुंकर जात नाही, यातून सहज जाते. पण खाली पन्हळ बंदच होती, त्यामुळे आत गेलेली हवा तिथेच मुक्काम करी.

त्याच दिवसांत घरात दुसऱ्या एका पाठीची काळजी चालली होती. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण अशक्तपणामुळे ते अंथरुणालाच खिळले. तीस वर्षे सायकलीवरून शाळेत गणित शिकवायला गेलेला माणूस. त्यांनी वर्तमानपत्र सोडले, मग बोलणे सोडले. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे म्हटले की चिडत, भिंतीकडे तोंड करून पडत. एके सकाळी सिस्टरने मला त्यांच्या माकडहाडावरचा लालसर डाग दाखवला. "दाब, ओल आणि घासणं," ती म्हणाली, "ही तीन एकत्र आली की जखम झालीच म्हणून समजा." हवेची गादी आली, पण वळायला ते तयार होईनात. मी घाबरलो होतो.

त्या दिवशी त्यांची पाठ कोरडी करताना, काहीतरी बोलायचे म्हणून, मी माझ्या पाठीचे रडगाणे गायिलो. तीन दिवसांत अण्णा पहिल्यांदा बोलले.

"तुझ्या सीटला खालून भोकं आहेत का?"

"नाहीत."

"मग ती सीट नाही, परात आहे. नवार आण."

आमच्याकडचे नवारीचे पलंग लहानपणी अण्णाच विणीत. वेल्डरकडून दोन नळ्यांची चौकट करून आणली. कमरेपाशी पाठीच्या बाकाप्रमाणे बाक, आणि पुढची कड खाली वळवलेली, मांडीला रुतू नये म्हणून. नवार सुती की नायलॉनची यावर आमचे दोन दिवस भांडण झाले. सुती अंगाला गोड, पण घाम पिते आणि लवकर सोडत नाही. शेवटी गणिताच्या मास्तरांनी दोन्हींचे तुकडे भिजवून खिडकीत टांगायला लावले आणि घड्याळ पाहून नायलॉनच्या बाजूने निकाल दिला. उभे पट्टे घालायचे नाहीत, कारण ते फटी बुजवतात. फक्त आडवे, दोहोंत बोटभर अंतर. पट्ट्यांच्या टोकांना बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून पितळी रिंगा बसवल्या आणि मागून बुटाच्या नाडीसारखी दोरी ओवली. म्हणजे हवा तो पट्टा आवळता येतो: कमरेला घट्ट, बैठकीला किंचित सैल.

हे सारे चालले होते अण्णांच्या खोलीत, जमिनीवर. पलंगावरून नीट दिसत नसे. "अरे, मला जरा त्या कुशीवर वळव, काय करतोयस ते कळत नाहीये," असे तेच म्हणू लागले. थोड्या वेळाने मी चौकट मुद्दाम दुसऱ्या बाजूला नेई. "आता इकडं गेलास होय!" म्हणून पुन्हा वळत. पंधरा दिवसांत डाग फिकट झाला. सिस्टरने चौकटीकडे आणि माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

सीट बसवल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी एकच शंका काढली, "अहो, तुमची पिशवी सीटच्या पाठीमागं लटकवता, मग वारा यायचा कुठून?" पिशवी तेव्हापासून चाकाच्या बाजूला गेली.

ऐन एप्रिलच्या दुपारी कॉलेजातून परत आलो तो थेट अण्णांच्या खोलीत. त्यांनी मला पाठ वळवायला सांगितली आणि सदऱ्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ओला आहे," ते म्हणाले. "पण गार आहे." मग बोट कमरेच्या जरा वर टेकवून म्हणाले, "इथं मात्र कोमट लागतं. इथले दोन पट्टे एकमेकांवर सरकलेत. ती सीट काढून आण इकडं, आणि मला वळव."