साठ दिवसांचा नाताळ

मार्सेलिस हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. त्या काळी मुंबईहून विलायतेला निघालेले कित्येक प्रवासी येथे बोट सोडीत आणि आगगाडीने पुढे जात. आपल्या वाचनात हे गाव असे नेहमी वाटेवरचे म्हणून येते. तेथे कोणी मुक्काम केल्याचे फारसे वाचनात येत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील या शहराला तेथील लोक मार्सेय म्हणतात. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी ते वसवले. भोवतालचा प्रदेश प्रोव्हाँस या नावाने ओळखला जातो आणि त्याची प्रोव्हाँसाल ही स्वतंत्र भाषा आहे. या प्रदेशाचा नाताळ ज्याला खरोखर पाहायचा आहे त्याला मात्र येथे मुक्कामच करावा लागतो, आणि तोही बेताचा नव्हे.

पुष्कळ प्रवासी येथे २४ डिसेंबरला दुपारी उतरतात. हवा कोरडी आणि निरभ्र असते. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटलेला असला, तर जुन्या बंदरातील नावांच्या डोलकाठ्या वाजत असतात. टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द या देवालयाच्या मनोऱ्यावरील सोनेरी मूर्ती उन्हात झळकत असते. परंतु संध्याकाळ होते तशी दुकाने मिटू लागतात, रस्ते ओस पडतात आणि बहुतेक उपाहारगृहांची दारे बंद होतात. मोठ्या अपेक्षेने आलेल्या पाहुण्याला वाटते, येथे सण आहे तरी कोठे? सण असतो तो बंद दारांच्या आत. आणि त्याचा आरंभ तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेला असतो.

प्रोव्हाँसमध्ये नाताळाचा काळ ४ डिसेंबर ते २ फेब्रुवारी असा पुरते साठ दिवस चालतो. ४ डिसेंबर हा संत बार्ब हिचा दिवस. त्या दिवशी घरोघर तीन लहान बशांत कापूस पसरून त्यावर गहू पेरतात आणि पाणी शिंपडतात. काही घरांत गव्हाबरोबर मसूरही असतो. बेकरीच्या दुकानांत गव्हाच्या छोट्या पिशव्या विकायला असतात आणि त्या विक्रीतून आजारी मुलांसाठी मदत गोळा केली जाते. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत अंकुर हिरवेगार आणि सरळ वाढले, की येणारे वर्ष सुबत्तेचे जाईल असे मानतात. गहू चांगला आला की सारे चांगले येते, अशा अर्थाची म्हण त्या भाषेत आहे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य रुजवणाऱ्या मराठी माणसाला या बशांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रवाशाने तेथील माणसासारखा नाताळ अनुभवण्याची वाट नेमकी येथून सुरू होते. यासाठी कोणाची ओळख लागत नाही, की खर्चही फारसा नाही. भाड्याच्या खोलीच्या खिडकीतही तीन बशा मावतात. मात्र त्यांना रोज पाणी घालावे लागते, आणि रोज पाणी घालायचे तर त्या गावात राहावे लागते. दोन दिवसांच्या सहलीत जे मिळू शकत नाही ते या बशा हळूहळू देतात. सकाळी अंकुर किती वाढले ते पाहायचे, बाजारात जायचे, दुकानदाराशी गव्हाविषयी दोन शब्द बोलायचे. सणाची वाट पाहणाऱ्यांत आपलीही गणना अशी सहज होऊन जाते.

याच दिवसांत बंदराच्या परिसरात सांतोंचा बाजार भरलेला असतो. सांतों म्हणजे छोटे संत. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात मांडायच्या, मातीच्या, रंगवलेल्या, बोटभर उंचीच्या बाहुल्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चे बंद झाली आणि तेथील देखावेही थांबले. तेव्हा लोकांनी ते आपापल्या घरात मांडण्यास सुरुवात केली. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) या कारागिराने प्लास्टरच्या साच्यांतून मातीच्या बाहुल्या काढल्या, त्यामुळे त्या स्वस्त झाल्या आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्या. हा बाजार १८०३ पासूनचा म्हणून ओळखला जातो. जवळचे ओबान्य हे गावही या कलेसाठी प्रसिद्ध आहे.

या देखाव्याचे वैशिष्ट्य असे, की त्यातील बेथलेहेम हे प्रोव्हाँसमधले एखादे खेडेच असते. कौलारू घरे, पवनचक्की, ऑलिव्हची झाडे, आणि गोठ्याकडे निघालेले सारे गाव. कोळीण मासे घेऊन निघाली आहे, दळणवाला पिठाचे पोते, धारवाला आपले चाक, लसूण विकणारी लसणाच्या माळा. आंधळ्या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा हात धरून नेतो आहे. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याने आणले आहे. या सर्वांत एक बाहुली मात्र रिकाम्या हातांची असते. तिचे नाव राव्ही, म्हणजे हरखून गेलेला. गावाचा हा भोळा माणूस दोन्ही हात वर करून नुसता आनंदाने पाहत उभा असतो. त्याच्या आनंदालाच भेट मानून गावाने त्याला या मिरवणुकीत जागा दिली आहे. परक्या गावात रिकाम्या हातांनी आलेल्या प्रवाशाने बाजारातून एकच सांतों विकत घ्यायचा ठरवला, तर तो राव्हीचा घ्यावा. गोठ्यातील बाळाची जागा २४ च्या मध्यरात्रीपर्यंत मोकळी ठेवतात आणि तीन राजे येतात ते ६ जानेवारीस. देखावाही असा दिवसादिवसाने पुरा होत जातो.

२४ डिसेंबरच्या रात्रीचे जेवण, ज्याला ग्रो सुपे म्हणजे मोठे भोजन म्हणतात, ते नावाने मोठे असले तरी व्रताचे असते. त्यात मांस वर्ज्य असते. मेरीमातेच्या सात दुःखांची आठवण म्हणून सात साधे पदार्थ करण्याची रूढी आहे: पालकासारखी चार्डची भाजी, कार्दों नावाची देठांची भाजी, फ्लॉवर, सेलरी, आणि त्यांबरोबर खारवलेला कॉड मासा. मासे आणि गोगलगाई यांना तेथे मांसात धरत नाहीत, हे शाकाहारी पाहुण्याने ध्यानात ठेवावे आणि आमंत्रण असेल तर आधीच सांगावे. सामिष मेजवानी दुसऱ्या दिवशी दुपारी होते.

मेजावर एकावर एक अशी तीन पांढरी वस्त्रे अंथरतात. तीन मेणबत्त्या लावतात आणि लाल फितीने बांधलेल्या गव्हाच्या तीन बशा मांडतात. घरात जितकी माणसे असतील त्यांहून एक पान अधिक वाढून ठेवतात. ते गरिबाचे पान. दारावर अचानक कोणी आला तर त्याच्यासाठी. आणि कित्येक घरांत ते त्या वर्षी गेलेल्या माणसासाठीही असते. जेवण झाल्यावर मेजावरचे कण झाडून टाकत नाहीत; रात्री पूर्वजांचे आत्मे येतील, त्यांच्यासाठी ते राहू देतात.

जेवणापूर्वी काचो-फियो हा विधी असतो. फळझाडाचे एक जाड लाकूड घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत लहान अशी दोन माणसे मिळून धरतात, मेजाभोवती तीन फेऱ्या घालतात आणि वडील माणूस त्यावर तीनदा द्राक्षासव शिंपडून ते चुलीत ठेवतो. प्रोव्हाँसाल भाषेचे कवी फ्रेदेरिक मिस्त्राल, ज्यांना १९०४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांच्या आठवणींत या विधीचे वर्णन आहे. त्या वेळी जे मागणे मागतात त्याचा आशय असा: पुढच्या वर्षी आपण संख्येने वाढलो नाही तरी चालेल, पण कमी होऊ नये. आता शहरातील घरांत चुली उरल्या नाहीत, त्यामुळे कित्येक ठिकाणी हा विधी नावापुरता राहिला आहे किंवा सुटला आहे. मुले नोकरीसाठी दूर गेली आहेत. अशा घरांत मेजाभोवती किती माणसे आहेत ही मोजणी आणि हे मागणे यांचा अर्थ पूर्वीपेक्षा अधिकच जड झाला असेल. ज्याच्या घरची मुले परदेशी आहेत अशा आपल्याकडच्या कोणत्याही वडीलधाऱ्याला तो कळेल.

यानंतर येतात तेरा गोड पदार्थ. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. यांत पहिला मान सुक्या मेव्याच्या चार जिनसांना. भिक्षेवर जगणाऱ्या चार संन्यासी पंथांच्या वस्त्रांच्या रंगांवरून त्यांना चार भिक्षेकरी म्हणतात: मनुका डोमिनिकन पंथाच्या, अंजीर फ्रान्सिस्कन, बदाम कार्मेलाइट आणि अक्रोड किंवा हेझलनट ऑगस्टिनियन पंथाचे. त्यांच्या जोडीला शरद ऋतूपासून टांगून जपलेली द्राक्षे, हिवाळी खरबूज, सफरचंद, नासपती, संत्री, क्विन्स फळाच्या वड्या आणि खजूर. यांतला बराचसा मेवा भोवतालच्या शेतांतला. खजूर मात्र समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून येणारा. वर्षभराची शेती आणि बंदराचा व्यापार यांचा ताळेबंदच जणू मेजावर मांडलेला असतो. काळा आणि पांढरा असा दोन प्रकारचा नुगाही असतो. त्यातील काळा नुगा मध आणि बदामांचा. पांढऱ्यात अंड्याचा बलक नसला तरी पांढरा भाग असतो, हे जाणून घ्यावे.

या सर्वांच्या मध्यभागी पोंप आ ल्युइल, म्हणजे ऑलिव्ह तेलात मळलेली आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काने सुगंधित केलेली गोडसर चपटी भाकरी. ती सुरीने कापायची नसते, हातानेच मोडायची असते. कापली तर पुढील वर्षी दिवाळे निघते असा समज आहे. व्यापारावर जगलेल्या बंदराला शोभेसा हा समज, आणि एकाने मोडून दुसऱ्याला द्यायची ही रीतही तशीच. मेजावरचे तेराही पदार्थ प्रत्येकाने थोडे थोडे चाखायचे असतात, आणि ते तीन दिवस मेजावरच राहतात.

तेरा हा आकडा अगदी प्राचीन असावा असे वाटते. पण तसे नाही. मार्सेयच्याच फ्रांस्वा मार्केत्ती या धर्मोपदेशकाने १६८३ मध्ये शहराच्या रूढींविषयी लिहिलेल्या पुस्तकात तेरा पावांचा उल्लेख सापडतो. तेरा गोड पदार्थ असा स्पष्ट उल्लेख मात्र १९२० नंतरच्या लेखनात येतो. त्यातही कोणते तेरा, यावर गावागावांत आणि घराघरांत मतभेद आहेत. ही गोष्ट परक्या माणसाला धीर देणारी आहे. ज्याला मध किंवा अंजीर वर्ज्य आहे तोही आपले तेरा पुरे करू शकतो. इटालियन, आर्मेनियन, कॉर्सिकन, अल्जेरियन अशा कित्येकांनी हे शहर आपले म्हटले आहे. तेथे आपल्या ताटातील एक जिन्नस भर घातल्याने रूढी बिघडत नाही.

२५ तारीख गेली तरी सण उरतो. जानेवारीत हौशी नाटक मंडळ्या ‘पास्तोराल’ नावाची नाटके करतात. आंत्वान मोरेल या आरसे बनवणाऱ्या कामगाराने लिहिलेली पास्तोराल १८४४ मध्ये मार्सेयमध्ये प्रथम झाली आणि आजही होते. शेवट होतो २ फेब्रुवारीस. त्या दिवशी पहाटे सँ व्हिक्तोर मठाकडे मिरवणूक जाते, हिरव्या मेणबत्त्या घेतात, होडीच्या आकाराची नाव्हेत नावाची बिस्किटे घेतात आणि घरचा गोठा आवरून ठेवतात.

तोपर्यंत बशांतील गहू पिवळा पडू लागलेला असतो. सांतोंच्या देखाव्यात शेत म्हणून तो मांडून झालेला असतो. आता ज्यांच्याजवळ अंगण आहे ते त्याला मातीत लावतात. भाड्याच्या खोलीत राहिलेल्या प्रवाशाला अंगण नसते. पण शेजारी कोणाचे तरी असते, आणि तीन बशा हातात घेऊन त्याच्या दारावर उभे राहण्याइतकी ओळख साठ दिवसांत कोणाचीही होते.